काचेच्या दुकानाची वाटणी

मी, खाली सही करणारी, काचा कापून तसबिरींना चौकटी करणारी विधवा बाई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी जोडला आहे. "रागात असणं म्हणजे भान सुटणं नव्हे," हेही त्यांनीच सांगितलं. मी रागात आहे.

कलम एक. राहतं घर, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीची. जावयाने त्यात नाक खुपसू नये. माणूस चांगला आहे, पण न विचारता सल्ले देतो.

कलम दोन. दुकान. ते वडिलांनी माझ्या नावे केलं, कारण धाकट्या भावाने कधी कामाला हात लावला नाही. त्याने मात्र माझ्या यजमानांनीच दुकान लाटलं म्हणून बोभाटा केला. भर रस्त्यात, गिऱ्हाइकांदेखत तो त्यांना "घरजावई, फुकट्या" म्हणायचा. यजमान म्हणायचे, "ऊन फार आहे, आत येऊन बस." अपमानाला नम्रतेने उत्तर द्यायचं, हे बायबलमधलं वचन या माणसाने अक्षरशः पाळलं. माझा तिळपापड व्हायचा. मी विचारायची, "तुम्हाला पाठीचा कणा आहे की नाही?"

"आहे गं. म्हणून तर वाकता येतं."

एकदा भावाने मुठीने दर्शनी काच फोडली. मी पोलिसांकडे निघाले. यजमान चिमटा घेऊन खाली बसले आणि त्याच्या हातातले तुकडे काढू लागले. "हलू नकोस, एक खोल गेलाय." भाऊ ढसाढसा रडला. माफी मात्र मागितली नाही. यजमान गेले तेव्हा खांदा द्यायला तोच पुढे होता, आणि थोड्याच दिवसांत शिवीगाळ पुन्हा सुरू झाली. आता माझ्या नावाने.

कलम तीन. गेल्या आठवड्यात मी मुद्दाम त्याच्या घरी गेले. तुला दुकानातला खिळाही मिळणार नाही, हे तोंडावर सांगायचं होतं. दार उघडताच तो ओरडला, "आलीस? बापाला फसवलंस, नवऱ्याला राबवून मारलंस!"

शिवी अगदी ओठांवर आली होती. निघालं भलतंच. "असेल रे तसंही. बस जरा, धाप लागलीय तुला."

तो उंबऱ्यावर मटकन बसला. "ताई, दाजी असंच बोलायचे. ते उलट का नाही बोलले कधी?"

"मलाही नाही कळलं," मी म्हणाले आणि शेजारी बसले.

घरी येताना मी आणखीच भडकले. मेल्यावरही नवरा वादात जिंकला होता!

कलम चार. म्हणून अर्धं दुकान भावाचं, अर्धं मुलीचं. यजमानांचं टेबल आणि काच कापायची हिरकणी भावालाच. हे मी प्रेमाने देत नाही, दातओठ खात देते. पण देते. तो मुलीला टाकून बोलेल, तेव्हा तिने जमेल तितकं मऊ बोलावं. नाहीच जमलं, तर आधी पाणी प्यावं.

कलम पाच. माझ्या अंत्यविधीला पाळकांनी नम्रतेवर प्रवचन देऊ नये. भाऊ शिव्या द्यायचा तेव्हा ते समोरच्या फुटपाथवरून गंमत बघायचे.

शेवटचं. माझा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबरच पुरावा.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), समोरचे चपला शिवणारे काका (अंगठा)
लिहून ठेवणारी: (सही)
ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: सहीखाली माझ्याच हाताने घातली आहे