तुम्ही उचलायला लावलेला बेलभंडार

प्रिय मामा,

‘तीर्थरूप’ लिहायला गेलो आणि हात थांबला. तुम्हाला तो मायना आवडत नसे. “पाया देवाच्या पडावं, माणसाशी सरळ बोलावं,” म्हणायचात. म्हणून सरळ बोलतो. उद्या रविवार. उद्या सकाळी खंडोबाच्या देवळात मला तुमचा शब्द मोडायचा आहे. आणि ज्याचा शब्द मोडायचा, त्याला न विचारता कसा मोडू?

गावातली कुळं येणार आहेत. तुम्ही त्यांना उचलायला लावलेला बेलभंडार मी परत घ्यावा, असं त्यांचं म्हणणं आहे.

आठवतं ना तुम्हाला? निजाम गेला होता, तुम्ही सरहद्दीवरच्या शिबिरातून दाढी वाढवून परत आला होता. पहिली निवडणूक! देवळात मुंगीला वाट नव्हती. “कसेल त्याची जमीन होणार!” तुम्ही गर्जलात, आणि एकेकाच्या तळहातावर बेलाचं पान नि चिमूटभर भंडार ठेवलात. शपथ तुमचीच होती. जोवर कुळाच्या नावावर जमीन होत नाही, तोवर या पक्षाला सोडणार नाही!

मामा, अशी कशी हो शपथ घातलीत? जमीन मिळाली असती तर माणसं मोकळी झाली असती. मिळाली नाही, म्हणून बांधलेली राहिली! पक्षानं जितकं फसवावं तितकी गाठ घट्ट!

आता तिसरी निवडणूक आलीय. तिकीट कुणाला मिळालंय, माहीत आहे? बापूसाहेबांना! निजामाच्या तालुकदाराला दरसाल आंब्याच्या पाट्या पाठवणारे आपले जमीनदार बापूसाहेब. आता पांढरी टोपी घालतात, आणि भाषणात तुमचं नाव घेतात. आमचे जिवलग म्हणे! तुमच्या माघारी त्यांनी किसनतात्याचं रान काढून घेतलं. तात्यानं राजीखुशीनं सोडलं, असं तहसिलीत सांगितलं. राजीखुशीनं! त्या दिवशी तात्या बांधावर बसून होता, उठवलं तरी उठत नव्हता.

परवा मी तात्याला पारावर गाठलं. “ज्यानं रान काढलं त्यालाच मत देणार?”

“मग काय करू? तुझ्या मामानं हात बांधले आन् निघून गेला.”

“पेटीपाशी कोण बघतंय तात्या? गुपचूप दुसरीकडं टाका की!”

“खंडोबा बघतोय न्हवं.”

“मी नाही मानत असल्या शपथा!” मी ओरडलो. माझं ओरडणं तुम्हाला माहीतच आहे.

“तू उचलला न्हाईस, तू कशाला मानशील? अर्धं कालिज शिकून आल्यावर समदं सोपंच दिसतंय!”

पार सगळा हसला. मग तात्या हळूच म्हणाला, “ज्यानं दिला त्यानंच परत घ्यावा लागतोय, बाबा. तो न्हाई, तर त्याला ज्यानं पाणी दिलं त्यानं घ्यावा. तुझ्या मामाला पोरगा न्हाई. पाणी तूच दिलंस न्हवं?”

व्हय, मीच दिलं. खांद्यावरचं मडकं फुटलं तेव्हा मला काय ठाऊक, की त्यासोबत हेही माझ्याकडं आलंय?

एक विचारू? रागावू नका. पक्ष फसवतोय, हे तुम्हाला कळलं होतं ना? शेवटच्या वर्षी तुमची टोपी खुंटीलाच असायची. मी विचारलं तर “ऊन कुठं आहे आज,” म्हणालात. वैशाखात! धाराशिवच्या कचेरीत बाकड्यावर दिवस दिवस बसून यायचात आणि न जेवता निजायचात. मग त्याच वेळी कुळांना बोलावून मोकळं का नाही केलंत? लाज वाटली? की अजून आशा होती? आशा असेल तर मी तुमच्या आशेवरच पाणी फिरवायला निघालोय का?

मामी तसंच म्हणते. “माझा नवरा त्या झेंड्यापायी शिबिरात उपाशी राहिला, आन् तू देवळात त्याचं नाव धुऊन टाकणार? उद्या देवळाची पायरी चढलास तर माझी चढू नकोस. शालनला नळदुर्गाचं स्थळ आलंय. मी होकार कळवते.”

शालन! तिच्या बारशाला तुम्ही आईला म्हणाला होता, “अक्का, ही तुझ्याच घरची.” ते तर मला शपथेहून मोठं वाटत आलंय. गाव म्हणतं, तिच्यापायी मी कॉलेज सोडलं. अर्धं खरं आहे. सोलापुरात पुस्तक उघडलं की ती दिसायची आणि वर्तमानपत्र उघडलं की बापूसाहेब. दोघांनी मिळून माझी परीक्षा बुडवली!

काल ती गोठ्यात होती. मी विचारलं, “काय करू?”

“मला कशाला विचारता? नका म्हणाले तर जन्मभर माझ्यावर खापर फोडाल. घ्या म्हणाले तर आईला कुठल्या तोंडानं सामोरी जाऊ?” शेण भरता भरता ती थांबली. “पर एक सांगा. परत घेतलेला बेल ठेवणार कुठं?”

मामा, तिनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं. कारण त्याच्या जागी काय द्यायचं, ते आधीच ठरलं होतं. विरोधी पक्षाचे वकीलसाहेब म्हणाले होते, “बेल परत घे, आणि तिथंच आपल्या नावानं उचलायला लाव. लोक हातचे जाता कामा नयेत.” मी तावातावानं हो म्हणालो होतो. ताजा बेल तोडून आणायलासुद्धा सांगितला होता!

कुळं मोकळी झाली आणि तरीही भिऊन बापूसाहेबांनाच मतं दिली तर? वकीलसाहेबही उद्या तसलेच निघाले तर? माझ्या हातून तुमचंही गेलं आणि शालनही गेली, तर मी कुणाच्या दारात उभा राहू?

पण शब्द देतो. उद्या मी ओंजळ पुढं करीन. तुम्ही दिलेलं तुमच्या वतीनं परत घेईन आणि बोरी नदीत सोडून येईन. नवा बेल कुणाच्याही हातावर ठेवणार नाही, त्यांच्या नावानं नाही, आमच्याही नाही. मग त्यांनी बापूसाहेबांना मतं दिली तरी चालेल. नाही, चालणार नाही! पण मी गप्प बसेन.

आणि शालनलाही ‘माझ्यासाठी थांब’ म्हणून शपथ घालणार नाही. काल गोठ्यात ती शपथ अगदी ओठावर आली होती, मामा. गिळली.

जावई म्हणून सही करायची होती, तूर्त

तुमचा भाचा,
दिगंबर