फरिश्ता जेवत नाही

दौंड,
जुलै २००३

शोएबमामू यांना दौंडहून बुशराचा सलाम, आणि शाळेत शिकवलेला शिरसाष्टांगही, फक्त साष्टांग वगळून. (उर्दू मला लिहिता येत नाही आणि तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा आपल्या खानदानाचा पत्रव्यवहार मराठीतच चालणार, याला इलाज नाही.) मुमानींचा गुडघा कसा आहे? लसणाचं तेल चोळतात की नुसतं तुमच्यावर ओरडून काम भागवतात? एसटीतल्या घंटीच्या दोरीनं तुमच्या बोटाला लागलं होतं ते बरं झालं असेल. शिरूरला पाऊस कसा आहे? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. पत्राला काही कारण नाही, नुसती खुशाली. फोनवरही विचारता आली असती, पण फोन दुकानात आहे आणि दुकानात अब्बा आहेत.

'सगळे मजेत' असं वर लिहिलं, त्यात एक जण धरलेला नाही. तो जेवत नाही.

तुम्हाला माहीतच आहे, अब्बांनी काच-फ्रेमच्या धंद्याला जोड म्हणून माशांच्या काचपेट्या करायला घेतल्या. कारेगावला राहणारे, कंपनीतले जयसिंगसाहेब, त्यांच्या घरातली मोठी पेटी अब्बांनीच बसवली. साहेब ट्रेनिंगसाठी जपानला निघाले. त्यांचा समुद्रातला मासा मागे सांभाळणार कोण, असा प्रश्न पडला. अब्बा म्हणाले, "साहेब, तुम्ही बिनघोर जा. आमची बुशरा झूलॉजीची ग्रॅज्युएट हाय." आता मामू, मी ग्रॅज्युएट आहे हे खरं, घरातली पहिली आहे हेही खरं. (माझ्या डिग्रीला अब्बांनी दुकानातली सगळ्यात भारी फ्रेम घातली आहे. गिऱ्हाईक तिचा भाव विचारतं, आणि आतला कागद काढून देणार का, असंही विचारतं.) पण कॉलेजात मला भेटलेले सगळे मासे बरणीत होते. माशांशी माझा परिचय संपूर्णपणे मरणोत्तर आहे.

मासा टेम्पोतून, निळ्या ड्रममध्ये बसून, न्हावऱ्याच्या रस्त्यानं आला. सोबत खास मिठाची पोती, पाणी फिरवायचं यंत्र आणि साहेबांच्या सूचना. दिसायला असा देखणा की अम्मीनं आधी त्याची नजर काढली. निळं अंग, त्यावर पिवळे पट्टे, डोळ्यांवर काळी पट्टी. इंग्रजीत त्याला एम्परर एंजल म्हणतात. अब्बांनी अर्थ विचारला आणि मी सरळ मनानं सांगितला : एम्परर म्हणजे बादशहा, एंजल म्हणजे फरिश्ता. इथंच घात झाला, पण त्याकडे नंतर येते.

अब्बांनी त्याच्यासाठी केलेली पेटी घरात मावेना म्हणून दुकानात मांडली. त्याच दिवशी मी अब्बांना पुण्याचं विचारलं. तुम्हाला कळलं असेलच, एम.एस्सी.ला माझा नंबर लागला आहे, हॉस्टेलही मिळतं आहे. अब्बा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. पेटीकडे बोट करून म्हणाले, "ह्यो जगवून दाखव, मग पुण्याचं बघू. घरातला एक मासा खाईना, तर पुण्याला जाऊन काय हत्ती पाळणार हायस?" मला ही अट शास्त्रीय वाटली. मी ती मान्य केली. त्या वेळी माशाला विचारायचं राहिलं.

साहेबांनी दिलेले दाणे टाकले. माशानं ते दगडाआडून असे पाहिले, जसे तुम्ही फाटकी नोट पाहता. उकडलेला वाटाणा दिला, बाजारातली सुकट धुऊन दिली, काही नाही. अम्मीनं हौसेनं खिमा दिला (मसाला न घालता, त्यासाठी तिला तासभर समजवावं लागलं). तोही त्यानं नाकारल्यावर अम्मी बिथरली. पाहुणा ताटावरून उठला तर ती आठवडाभर बोलत नाही, हा तर ताटावर बसलाच नव्हता. भाजी विकायला येणाऱ्या धुरपदाकाकू टोपली उतरवून म्हणाल्या, "आगं येडे, आज सोमवार न्हाई का? उपास आसंल त्येचा." आणि मी अडवायच्या आत त्यांनी मूठभर साबुदाणा पेटीत सोडला. पाण्याची खीर झाली. अर्धं पाणी बदलायला लागलं, त्यात मोजून मीठ विरघळवायला लागलं. अब्बा बाजूला उभे राहून, "आपल्या बोअरचं पाणी खारंच हाय की, आनि मीठ कशाला?" असं विचारत होते. बोअरच्या मचूळ पाण्यात आणि समुद्रात काय फरक असतो हे मी सविस्तर सांगितलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "म्हंजी खारंच ना?"

मग पाटसहून रशिदाफुफी आल्या. पेटीपुढे बसल्या, नाव विचारलं, अर्थ विचारला आणि एकदम डोक्यावर पदर घेऊन म्हणाल्या, "मग खाईल कसा? फरिश्ते कभी खाते क्या, पगली?"

मामू, सगळ्यांचे चेहरे उजळले. अम्मीचा अपमान धुऊन निघाला. अब्बांनी पेटीची काच पुसली. मी म्हणाले, "फुफी, फरिश्ते खात नाहीत हे बरोबर आहे. पण हा फरिश्ता नाही, हा मासा आहे." फुफी म्हणाल्या, "न खाता राहिलाय ना? मग?" या 'मग'वर तीन वर्षांच्या शिक्षणात मला काही शिकवलेलं नव्हतं.

बातमी पाटसला गेली, तिथून कासुर्डीला गेली. न जेवणारा मासा पाहायला बायका येऊ लागल्या, सगळ्या जातीधर्मांच्या. (एवढी एकी आपल्या गावात मी नळाला पाणी आल्यावरही पाहिलेली नाही.) पाहायला आलेली बाई जाताना रिकाम्या हाती कशी जाणार? कुणी फोटोफ्रेम नेते, कुणी आरसा. मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'हा फक्त मासा आहे' असं लिहून पेटीला लावलं. लोकांना तो अब्बांचा विनय वाटला. एकदा सगळ्या बायका जमल्या असताना मी स्टुलावर उभी राहून वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलले. मनापासून बोलले. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि शेवटी एकीनं आपलं रडकं बाळ माझ्या हातात दिलं, की जरा पेटीपुढून फिरवून दे.

इकडे मासा वाळत चालला होता. फरिश्ता म्हणून तो कितीही थोर असला तरी पोट खपाटीला गेलं होतं आणि त्याचं पिवळं फिकं पडत होतं. जमलेल्या गर्दीत ते फक्त मला दिसत होतं, आणि मला रडू येत होतं. पुण्यासाठी नव्हे. (थोडं पुण्यासाठी.)

शेवटी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन वाचलं. हा मासा समुद्रात पाण्यावरचं झेलत नाही, खडकाला चिकटलेलं कुरतडून खातो. म्हणजे आम्ही त्याच्यापुढे अक्षता टाकत होतो आणि त्याला हवं होतं भांड्याला लागलेलं! मी तडक धुरपदाकाकूंच्या मळ्याखाली भीमेत उतरले, सलवार गुडघ्यापर्यंत भिजवून शिंपले काढले, एक उघडून धुतला आणि मांसासकट पेटीत काचेलगत ठेवला. तो जवळ आला, हुंगल्यासारखं केलं, परत गेला. आणि मग अब्बांनी न कळत मोठं काम केलं. दोन्ही बाजूंनी दर्शन व्हावं म्हणून त्यांनी एक मोठा आरसा पेटीला बाहेरून टेकवला. माशाला आरशात दुसरा मासा दिसला. असाच निळा, असाच बादशहा, आणि त्याच्याच शिंपल्याकडे निघालेला! मामू, पाटावर जाऊबाई येऊन बसल्यावर जी भूक लागते ती त्याला लागली. पर फुलवून त्यानं आधी त्या दुसऱ्याला धमकावलं, मग शिंपल्यावर तुटून पडला.

अडचण एकच. कुणी टक लावून पाहिलं की तो दगडाआड जातो. मला दिसलं ते पेटीकडे पाठ करून बसले होते म्हणून, समोरच्या भिंतीवरच्या आरशात. मी ओरडत अब्बांना बोलावलं. अब्बा आले, काचेला नाक लावून उभे राहिले, मासा गडप. "कुठं खातोय?" मी शिंपला दाखवला, अर्धा फस्त. "झिजला आसंल." मग आवाज उतरवून म्हणाले, "आनि हे बघ, खातो म्हनून भाईर बोलू नको. डोळ्यांनी बघितल्याबिगर मी हो म्हननार न्हाई." तेवढ्यात फ्रेम घ्यायला दोघी जणी आल्या.

असो. बाकी सगळं ठीक आहे. मुमानींना सलाम सांगावा, गुडघ्याला जपावं.

तुमची भाची,
बुशरा

ता. क. वर पत्राला कारण नाही असं लिहिलं आहे, ते जरा चुकलं. येत्या रविवारी तुम्ही दौंडला यावं. येऊन माशाकडे पाठ करून बसावं आणि आरशात पाहावं. तुम्ही 'खाल्लं' म्हणालात की अब्बांना ते मानावंच लागेल. आयुष्यभर तुम्ही लोकांकडे न पाहता कुणी तिकीट काढलेलं नाही ते ओळखत आला आहात. ॲडमिशनची मुदत पुढच्या आठवड्यात संपते.

ता. क. २. फुफी विचारतील तर कशासाठी आलात ते सांगू नये. दर्शनाला आलो म्हणावं.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला डिंक हवा म्हणून आत्ता दुकानात गेले होते. अब्बा पेटीकडे पाठ करून स्टुलावर बसले होते. हातात छोटा आरसा घेऊन केस विंचरत होते. मामू, अब्बांना किती केस आहेत हे तुम्हाला माहीत आहे. मी तिथे गेल्यापासून कंगवा एकाच जागी होता. मागे न बघता म्हणाले, "शोएबला लिवतीयस ना? त्याला म्हनावं, येताना त्याची मोठी ट्रंक घेऊन ये. पुण्याच्या हॉस्टेलात ट्रंक लागती." मग आरसा जरासा तिरका करून, "शिंपले कुठनं आनतीस ते मला दावून ठेव. आनि खातो म्हनून भाईर बोलायचं न्हाई, ते तसंच."

तेव्हा साक्षीचं रद्द समजावं, फक्त ट्रंक आणावी. मी तत्त्वाशी तडजोड केलेली नाही हे मात्र लक्षात असू द्या. मासा जेवतो का, असं मला कुणीही विचारलं तरी मी खरं तेच सांगणार आहे. पण पुण्यात मला कोण विचारणार?