लिडिया फेनची स्वयंपाकीण

प्रिय मिताली,

तुझं पुस्तक पोचलं. दोन दिवसांत वाचून काढलं, भाजी करपली तरी उठली नाही. रविवारी पुण्यात प्रकाशन आहे, येणार की नाही ते पक्कं सांग म्हणतेस. सांगते. पण आधी तुझ्या पुस्तकातल्या त्या नटीपायी, लिडिया फेनपायी माझं डोकं तापलं आहे, ते ऐकून घे.

काय बाप्पा लोक ते! कोळशाच्या खाणीतल्या मजुराची पोरगी सोळाव्या वर्षी हॉलिवूडले गेली, अन् स्टुडिओवाल्यांनी तिले ढोरासारखं दात पाहून घेतलं. गाल आत जावे म्हणून दोन चांगल्या दाढा उपटल्या. लुडमिला नाव टाकलं, लिडिया ठेवलं. तोंडात बूच धरून इंग्रजी बोलायले लावलं. कायले, तं मायबापाची बोली जिभेवरून जावी म्हणून! पेपरात छापलं, बाई व्हिएन्नाच्या सरदार घराण्यातली. सव्वीस सिनेमे केले तिनं, बंगला झाला, जगात नाव झालं. अन् चाळिशी लागली तं त्याच लोकांनी तिले हिरोच्या आईचं काम देलं, तोही हिरो तिच्याहून तीन वर्षांनी मोठा! लाज कशी नाही वाटत यांले?

पण त्यांच्यापेक्षा मले तिचाच राग जास्त आला. गावाहून माय आली, तं पत्रकारांपुढे तिले स्वयंपाकीण म्हणून उभी केली. तोंड उघडायची मनाई, बोलीवरून बिंग फुटेल म्हणून. मायनं गुपचूप कॉफी देली, अन् पोरगी थँक्यू म्हणाली. तिथं माझ्या डोळ्यांतून धार लागली. तू तीन पानं तिले झोडपलंस, की जिनं मायचं तोंड बंद केलं तिचं मोठेपण काय कामाचं. शेजारच्या विमलताईले ती पानं मोठ्यानं वाचून दाखवली. त्या म्हणे, पोरीनं बरोब्बर लिहिलं. पांढरकवड्याच्या शाळेत तुझं भाषण अडलं की मी पडद्यामागून सांगायची, ते आठवलं. आता सांगायची गरज नाही, असं वाटून लय बरं वाटलं.

तीस वर्षं तहसीलमध्ये नोकरी केली मी. पुण्या-मुंबईचे साहेब आले अन् गेले, सगळ्यांशी मी याच बोलीत बोलली. बाई, तुमचं समजलं नाही, असं एकही जण म्हणाला नाही. बदली झाली की माझ्या टेबलाशी निरोप घ्यायले यायचे.

मंग परवा फोनवर तू काहून तसं म्हणालीस? की आई, तू ये, समोर बस, पण बोलू नको. तुझं मले-तुले ऐकून लोक हसतील. कोणी विचारलं तर आईचा घसा बसलाय असं मी सांगेन. मी बरं म्हणून फोन ठेवला, पण जीव जळला माझा, मिताली. त्यापायीच हे पत्र. माझा घसा ठणठणीत आहे. शनिवारच्या गाडीनं येऊन राह्यली. कोणी विचारलं तं तुझं लहानपण, तुझी जिद्द, सगळं आपल्या बोलीत सांगीन, अन् तू बाजूले उभी राहून ऐकशीन. एवढं जमत नसन तं पत्र मिळताच कळव, मी घरीच राहीन. पण मंग प्रकाशनाच्या आधी ती तीन पानं पुस्तकातून फाडून टाक, पोरी.

तुझीच,
माय