दोन मुली कमी पडल्या

स्टॉकहोम, ४ एप्रिल १९६६

ती. दागनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडलं. ताई, आम्ही गॉटलंड बेटावर परत येत नाही.

नाताळात तुझ्या स्वयंपाकघरात बसून मीच छाती ठोकून म्हणालो होतो, की उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवतो, दोन्ही मुलींना तुझ्या वर्गात घालतो, पट भरला की शाळा कोण बंद करतो ते बघू. आता गेर्डची इस्पितळातली नोकरी कायम झाली आहे. पण बायकोच्या नावावर का ढकलू? मलाच मेंढ्या आणि तो वारा नको झालाय.

हिल्मेरकाका आमच्यासाठी घर रंगवताहेत असं तू लिहिलंस, त्या रात्रीच हे पत्र लिहायला बसलो.

रागाव, पण पत्र टाक.

तुझा रूनार

हुल्सार्वे, गॉटलंड, ९ मे

चि. रूनार यास,
अ. उ. आ.

शाळा जूनमध्ये बंद होतेय. दुकानात, चर्चच्या दारात सगळे तुलाच नावं ठेवतात. शहरात जाऊन साहेब झाला म्हणतात. मी मान डोलावत राहिले.

रूनार, नाताळाच्या आधीच मी विस्बी शहरातल्या एका शाळेत जागा मागितली होती. फेब्रुवारीत मिळाली. तू आला असतास तरी शिकवायला बाई नव्हती. एकटीने सगळे वर्ग सांभाळून, हिवाळ्यात शेगडी पेटवून थकले रे. सांगायचा धीर झाला नाही आणि तुझं पत्र आल्यावर सगळं तुझ्या अंगावर जाऊ दिलं.

काल कुरणातला पालापाचोळा ओढायला गाव जमला होता. कॉफीच्या वेळी उठून सांगून टाकलं. हिल्मेरकाका म्हणाले, "अगं, दोघांतल्या एकाने तरी वेळेवर सांगायचं. आम्ही दुसरी बाई शोधली असती, दुसरी पोरं शोधली असती." मग माझ्या कपात कॉफी ओतली आणि दाताळं घेऊन निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई

स्टॉकहोम, १६ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

मी सुटलो असं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. शब्द मी मोडला, तो मोडलाच.

शाळेच्या शेवटच्या दिवशी आम्ही चौघं बोटीने येतोय. तू एकटीने शाळेच्या पायरीवर उभं राहू नयेस. गावाला काय बोलायचं ते तोंडावर बोलू दे, आपण दोघं शेजारी उभे राहून ऐकू.

तुझाच,
रूनार