शिंप्याची ओळ

३ मार्च

चि. बटूस, अनेक आशीर्वाद वि. वि.

ड्रॅगनच्या गोष्टी लिहिणाऱ्या आपल्या त्या लेखकाच्या जन्माला शंभर वर्षं झाली, म्हणून सोळा तारखेला आमच्या वाचनालयात दिवसभर जाहीर वाचन आहे. ग्रंथपाल म्हणून मी यादी लावली, तर पहिलं नाव बाबांनी स्वतःचं घातलं. शेजारी तुझं. लहानपणी वाचायचात तसंच, ते ड्रॅगन आणि तू गुहेत शिरलेला शिंपी.

बाबा म्हणजे पुस्तकांची बांधणी करता करता वाचायला शिकलेला माणूस, ‘शेपटी’ला ‘सेपटी’ म्हणायचे. तू मुद्रितशोधक झालास आणि पाहुण्यांसमोर त्यांची चूक काढलीस. त्यानंतर बारा वर्षं त्यांनी मोठ्याने एक ओळ वाचली नाही. आता नजर झपाट्याने जातेय, पुढच्या वर्षी अक्षर दिसणार नाही. ये, माफी मागून टाक. माया आहे म्हणूनच कान धरते.

तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पण शब्दकोशाची शेवटची मुद्रितं आलीत, साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत. खरं सांगू, बाबांसमोर कोणत्या तोंडाने बसू? माझा भाग तूच वाच. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

बटू

१७ मार्च

चि. बटूस, आशीर्वाद.

बाबा भिंग धरून छान वाचत होते. ड्रॅगन विचारतो, ‘कोण आहे तिथे?’, तिथे थांबले. तुझी ओळ मी वाचायला गेले, तर हाताने अडवलं. म्हणाले, “ती त्याची आहे.” लोक चुळबुळायला लागले तरी वाट बघत राहिले. मग पुस्तक मिटलं.

घरी येताना विचारत होते, ‘शेपटी’ नीट म्हणालो का गं? पंधरा दिवस आरशासमोर घोकत होते म्हणे. मला रडू आवरेना. तुझ्यावर रागावायचं होतं, तेही जमलं नाही.

ताई

२१ मार्च

ती. ताईस, नमस्कार.

रजा मिळाली होती. सोळा तारखेला मी तुमच्या वाचनालयाच्या जिन्यात, दाराबाहेर उभा होतो. बाबा थांबले तेव्हा ते कोणासाठी थांबलेत हे मला कळलं होतं. शिंप्याचं उत्तर दोनच शब्दांचं आहे, ‘मी आहे.’ तेवढंही तोंडातून फुटलं नाही. आत पुस्तक मिटल्याचा आवाज आला आणि मी जिना उतरलो.

बाबांना हे सांगायचं की नाही, तूच ठरव. लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही.

बटू