शनिवारच्या टेबलाला माझं दुकान

अक्षर वाईट आहे, ठाऊक आहे मला. एवढे वकील ओळखीचे असताना हातानं का खरडलं, असं कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो. शनिवारच्या टेबलावरच्या वकीलबाईंनी लिहून द्यायला नकार दिला. "काका, ज्यांना मिळतंय त्यांनीच मृत्युपत्र लिहायचं नसतं. उद्या तुमचा मुलगा म्हणेल, आम्हीच तुम्हाला भरीस घातलं." म्हटलं, मग मी लिहितो, सातवीपर्यंत शाळेत गेलोय. तर म्हणतात, "लिहा, पण स्वतःच्या मनानं." दुसऱ्याच्या मनानं मी आजवर पाणीसुद्धा प्यायलो नाही.

तर मी, कुलूप-किल्ल्यांचा कारागीर, वय एकोणऐंशी, डोकं ठिकाणावर असताना हे लिहितो. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत. कोणाचा दाब नाही. याआधी असं काही लिहिलेलं नाही, यानंतर लिहिणार नाही.

१. राहतं घर मुलाला. सगळं. गच्चीच्या गळतीसकट.

२. हत्यारं सूनबाईला. कानशी, तारेचे आकडे, टेबलाला बसवलेला, किल्ली घट्ट धरणारा शेगडा, सगळं. मुलाचा हात घाईचा, तिचा स्थिर. मुलानं तोंड वाकडं करू नये, त्यालाही हे माहीत आहे.

३. दुकान. हे मुलानं खाली बसून वाचावं.

दुकान माझ्या कमाईचं, वाडवडिलांचं नाही. ते मी फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांच्या संस्थेला देतो. ही माणसं आठवडाभर आपापल्या कचेऱ्या सांभाळतात आणि शनिवारी शाळेच्या सायकल स्टँडमध्ये टेबल टाकून, ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे कागद बघतात. आता शाळेला जागा परत हवी आहे. वर्षअखेरीला टेबल उठणार, आणि दुसरी जागा त्यांना कोणी देत नाही.

मुलाला दुकान विकायचंय. तो म्हणतो, "बाबा, त्यांच्यापायी धंदा बसला आणि वर दुकानही त्यांनाच?" बोलतोय ते खोटं नाही. म्हणून कारण लिहितो, एकदाच.

एका घरमालकानं बोलावलं. म्हणाला, भाडेकरू बाई खोली सोडून गेली, किल्ली घेऊन गेली, उघडून द्या. उघडली. दोन मिनिटांचं काम. आत शेगडीवर दुधाचं पातेलं. हात लावून पाहिला, कोमट. खोली सोडून गेलेल्या बाईचं दूध कोमट नसतं. मला तिथंच कळलं. तरी मी नवीन कुलूप बसवलं, पिशवी उचलली आणि घरी येऊन जेवलो. बाई कामावरून परतली तर सामान रस्त्यावर.

पंधरा दिवसांनी वकीलबाई दुकानात हजर. "हे कुलूप तुम्ही बसवलंत?"

म्हटलं, आठवत नाही.

वकीलबाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून राहिल्या. अर्धा तास. शेवटी मीच वैतागलो. "या कामाचे किती घेता हो?"

"काही नाही."

"मग बसलाय कशाला?"

"तुम्हाला आठवेपर्यंत."

आठवलं. कोर्टात उभा राहून पातेल्याचं सांगितलं. मालकाचा वकील हसला, "दुधावरून कळलं तुम्हाला?" म्हटलं, साहेब, तुम्ही घरी कधी दूध तापवलेलं दिसत नाही. बाईला खोली परत मिळाली. त्यानंतर एकाही घरमालकानं मला हाक मारली नाही, आणि निम्मा धंदा त्यांचाच होता. मुलाला गोदामात नोकरी धरावी लागली. ते मी विसरलेलो नाही. घर सगळं त्याला दिलंय ते म्हणूनच. दुकान मात्र नाही.

अटी: शनिवारी नऊच्या ठोक्याला दार उघडं पाहिजे. रांगेतल्यांना बसायला बाक पाहिजे. परस्पर कुलूप बदललं अशी तक्रार घेऊन कोणी आलं, तर त्याला सगळ्यांच्या आधी घ्यायचं. माझा फोटो, नावाची पाटी, भाषण, काही नको.

मुलाला हे कोर्टात न्यायचं असेल तर खुशाल न्यावं. वकील परवडत नसेल तर शनिवारी रांगेत बसावं, असं मी लिहिणार होतो. वकीलबाई म्हणतात, संस्थेविरुद्धची केस संस्थेनंच घ्यायची, हे नियमात बसत नाही. त्याचा त्यानं शोधावा.

४. दुकानाच्या किल्ल्या तीन. दोन संस्थेला. तिसरी त्या पातेल्यावाल्या बाईला. हल्ली दर शनिवारी ती टेबलापाशी बसून लोकांना नंबर देते, कोणी सांगितलेलं नसताना. दार तिनंच उघडायचं.

सही: माझी, खाली केली आहे.

साक्षीदार: समोरचा शिंपी आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. दोघांच्या देखत मी सही केली, मग त्यांनी केली. दोघांना यातलं काही मिळत नाही. शिंपी म्हणाला, "निदान एक कुलूप तरी लिही की माझ्या नावानं." म्हटलं, मग तुझी सही चालणार नाही. त्यानं पेन उचललं.

ठिकाण: दुकान, मागची खोली. मार्चचा दुसरा शनिवार, टेबल लागायच्या आधी.

राहिलं एक. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर ती बाई मला काय म्हणाली, हे मुलगा आज इतकी वर्षं विचारतोय. ते मी कोणालाही देत नाही. सांगणार नाही.