जया घरी आली त्या आठवड्यात

मी, सौ. देवकी कमळाकर हरड, वय छत्तीस, धंदा खाणावळ, राहणार टोकावडे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला आमच्या गावच्या डॉ. प्रियांका बांगर यांनी दिला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला तारीख, वार आणि नवऱ्याचे नाव विचारले. नाव मी उखाण्यात घेतले. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. चालू आहे ती एकच: माझी मुलगी जया, वय दीड वर्ष, मांडीवर बसून पेन ओढते आहे. रेघ जिथे वाकडी गेली असेल तिथे खाडाखोड समजू नये, जया समजावे.

“माझी मुलगी” हे शब्द लिहून झाले. वकीलसाहेब म्हणतात, एकदा लिहिले की पुरे, यापुढे “सदर अज्ञान” असे लिहा, कायद्यात लहान मुलाला अज्ञान म्हणतात. मी तसे लिहिणार नाही. माझी मुलगी, माझी मुलगी, माझी मुलगी. आता पुढे जाऊ.

मला मरायची घाई नाही, उलट गेल्या मंगळवारपासून तर मुळीच नाही. पण मला जो आजार आहे तो लहरी आहे, आणि जया ज्या संस्थेतून आली तिथल्या बाईंना मी शब्द दिला आहे, की मुलीची सोय लिहून ठेवीन. म्हणून हा लेख.

कलम पहिले. टोकावडे येथील घाटरस्त्यालगतची खाणावळ व तिच्या मागच्या दोन खोल्या माझ्या मालकीच्या आहेत. जागा माझे वडील, सापगावचे कै. गोमा शेलवले, यांनी मला लिहून दिली आणि त्यावरची प्रत्येक वीट मी व माझे यजमान यांनी भाकऱ्या विकून चढवली. हे सर्व माझ्या पश्चात माझी मुलगी जया हिचे. यजमानांनी हयातभर तिथेच राहावे. भजी त्यांनीच तळावीत. आमटीला मात्र हात लावू नये, माळशेज घाटाची गिऱ्हाइके तुटतील.

कलम दुसरे. माझी लुना मी यजमानांना देते. त्यांना ती चालवता येत नाही, हे मला माहीत आहे. शिकावे. सुई टोचायला शिकले तसे. ही सुईची गोष्ट जयाला कोणीतरी सांगितली पाहिजे, म्हणून इथेच लिहिते.

लग्नानंतर मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले, एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्या. गावाने कारणे पुष्कळ दिली. मी विहिरीवर उशिरा गेले, मी पपई खाल्ली, माझा पायगुणच वाईट. खरे कारण पुढे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात कळले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवले आणि म्हणाल्या, “प्रत्येकाच्या शरीरात रोगाशी लढणारी फौज असते. देवकी, तुझी फौज घरच्यांनाच चोर समजते. तुझे सांधे दुखतात, गालावर लाल चट्टा येतो, तो त्यामुळेच. आणि रक्तात गुठळ्या होतात म्हणून बाळापर्यंत काही पोचत नाही. यात तुझी चूक नाही.”

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात हे म्हणाले, “म्हंजे आमच्या मोत्यासारखं. गिऱ्हाइकाला सोडतो नि मलाच चावतो.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अगदी तसंच.” तेव्हापासून आमच्या घरात या आजाराचे नाव मोत्या. आज सांधे दुखतात म्हणायच्या ऐवजी मी म्हणते, आज मोत्या सुटलाय.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा रक्त पातळ ठेवायची इंजेक्शने पोटात घ्यायची होती, रोज सकाळ-संध्याकाळ. टोकावड्याहून रोज कोण कुठे जाणार? नर्सने यांना शिकवले. पहिल्या दिवशी सुई बघून हे आडवे झाले आणि नर्सने आधी त्यांना पाणी पाजले. मग घरी वांग्यांवर सराव केला. खाणावळीतली टोपलीभर वांगी पाण्याने फुगवली. त्या आठवड्यात भरले वांगे खाणाऱ्या एका ट्रकवाल्याने विचारले, “वहिनी, वांगी नदीत पिकवली काय?” पण हात बसला. मला कधी दुखले नाही. टोचताना हे डोळे मिटत आणि मी उघडे ठेवत असे. संसार असाच वाटून घेतला आम्ही.

कलम तिसरे. ओढ्याकडचा चिंचेखालचा बांध मी कोणाला देत नाही. तिसरी सातव्या महिन्यात गेली. मुलगी होती. तिथे आहे. त्याच वेळी माझ्या पायात गुठळी झाली, मी इस्पितळातून पुष्कळ दिवसांनी घरी आले आणि डॉक्टरीणबाईंनी हात धरून सांगितले, आता पुन्हा नाही, पुढच्या वेळी आम्ही तुलाही वाचवू शकणार नाही. हे कलम एवढेच. बांध नांगरू नये. जयाने तिथे चिंचा पाडायला हरकत नाही, उलट पाडाव्यात.

कलम चौथे. माझ्या पश्चात जया सज्ञान होईपर्यंत यजमानांच्या जोडीने तिची पालक म्हणून मी कमळ साईनाथ देसले हिला नेमते. कमळ माझी बहीण नाही, नात्याची नाही. ती माझी सवत व्हायची राहिलेली बाई आहे. वकीलसाहेबांनी हे वाक्य खोडायला सांगितले. खोडत नाही, खुलासा करते.

दुसरे बाळ गेल्यावर माझ्या सासूबाई धोंडीबाई यांनी वैशाखऱ्याला एक मुलगी हेरली. यजमान माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, “तू पन चल. मला आईला नाय म्हनता येत नाय. तुला येतं.” मी ठेवणीतले चांगले लुगडे काढले आणि निघाले. मुलीच्या घरी सासूबाईंनी माझी ओळखच करून दिली नाही. मुलगी पोहे घेऊन आली. हीच कमळ, तेव्हा अठरा-एकोणीसची. बशा देऊन झाल्यावर तिने मला विचारले, “तुमी कोन? नवऱ्या मुलाच्या बहीन काय?”

मी म्हटले, “बायको.”

ती हसली नाही, रडली नाही. तिने बशा परत गोळा करायला सुरुवात केली. यांच्या तोंडात घास होता. हे बशी पुढे करून तसेच बसले. कमळ म्हणाली, “तोंडातलं ऱ्हाऊ द्या. बशी द्या.” सासूबाईंनी बशी धरून ठेवली, तर हिने ती ओढून घेतली. माझी बशी तेवढी तिने माझ्यापुढे ठेवली, वर आणखी पोहे वाढले आणि माझ्यासमोर बसून म्हणाली, “खा गो ताई. तुला काय झालंय? तोंडावर ह्या लाल काय? डॉक्टरला दाखवलंस काय?”

पाच वर्षांत मला देवऋषी सुचवले होते, नवस सुचवले होते, सवत सुचवली होती. काय झालंय हे कोणी विचारले नव्हते. मी ते पोहे खाल्ले. इतके चांगले पोहे मी स्वतःही करत नाही. पुढच्या सोमवारी कमळ माझ्याबरोबर मुरबाडला डॉक्टरकडे आली आणि तिथूनच आम्हाला मुंबईची चिठ्ठी मिळाली. पुढे तिने आमच्याच गावच्या साईनाथशी लग्न केले, ते एसटीचे ड्रायव्हर आहेत. तेव्हापासून ती माझ्या खाणावळीत भागीदार आहे. मी इस्पितळात असताना चूल तिने चालवली.

तिसऱ्या बाळानंतर पुष्कळ वर्षे मी कामापुरते बोलत असे. एक दिवस हे भजी तळत होते, मी पीठ कालवत होते. हे मध्येच म्हणाले, “आपन आनूया काय एक?”

मी म्हटले, “काय, कांदे?”

“पोर.”

तेलात भजी जळाली. कमळने येऊन स्टोव्ह बंद केला आणि आम्हा दोघांकडे बघून नवीन पीठ कालवायला घेतले.

संस्थेच्या बाई घर बघायला आल्या. आजाराचे सगळे मी आधीच सांगितले होते. त्या सरळ म्हणाल्या, “ताई, मुलीची एक आई आधीच गेली आहे. उद्या तुमचं काही झालं तर?” प्रश्न बरोबर होता. मला वाटले, मोत्याने हेही घालवले. तोच आतून कमळ लाटणे घेऊन बाहेर आली.

“मी हाय ना! माझी दोन हायेत, तिसरी जड नाय. पन ही मरत नाय. मी बगते कशी मरते ती.”

बाईंनी विचारले, “तुम्ही यांच्या कोण?”

“मी ह्यांची सवत व्हायची ऱ्हायले.”

बाईंनी चष्मा काढला. मग सगळी हकिकत सांगावी लागली, पोह्यांसकट. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या, दुसरा चहा मागितला, आणि जाताना म्हणाल्या की असे पालक त्यांना रोज भेटत नाहीत. पुढे कोर्ट, दाखले, पुन्हा दाखले. आणि गेल्या मंगळवारी आम्ही जयाला घेऊन मुरबाडहून साईनाथच्याच गाडीत बसलो. त्यांनी कंडक्टरला डोळा मारला आणि मुरबाड ते टोकावडे हॉर्नवरचा हात काढला नाही. लोक शेतातून उभे राहून बघत होते. गाडी थांब्यावर थांबली नाही, खाणावळीच्या दारात थांबली. गाडीतली सगळी माणसे बाळ बघायला उतरली आणि भजी खाऊनच पुढे गेली. एसटीला उशीर झाल्याचा दोष साईनाथचा नाही, माझा आहे, असे मी इथे लेखी देते.

जयाने पहिल्यांदा “आई” म्हटले ते यांना. मी दावा लावणार होते, पण वकीलसाहेब म्हणाले टिकणार नाही.

कलम पाचवे. गल्ल्यामागची माझी खुर्ची मी सासूबाई धोंडीबाई यांना देते. बाईने गल्ल्यावर बसू नये असे त्या म्हणत आल्या आहेत. बसून बघावे. वैशाखऱ्याचे मी त्यांना माफ केलेले नाही आणि त्यांनी ते मागितलेलेही नाही, त्यामुळे हिशेब बरोबर आहे. मात्र पायाच्या गुठळीच्या वेळी महिनाभर त्यांनी माझी वेणी घातली, तेही खरे. सध्या त्या जयाला कडेवर घेऊन बाजारभर फिरतात आणि सांगतात, “नाक बगा, अक्षी आमच्या कमळाकरचं हाय.” कोणी हसले तर भांडतात. मी त्यात पडत नाही. नाक खरेच तसे दिसू लागले आहे.

कलम सहावे. माझी मोठी पितळी परात जाऊबाई अनिता यांना. त्यांच्या सुयोगच्या बारशाला बाकीच्या बायका पाळणा हलवत होत्या आणि मला आत पीठ मळायला बसवले होते. माझी सावली बाळावर नको म्हणून. परात तीच आहे. सुयोग आता मोठा झाला, माझ्या हातची आमटी ओरपतो, त्याला काही झालेले नाही. त्याला माझी सायकल.

कलम सातवे. जयाला ती कुठून आली हे बोलू लागल्यावर लगेच सांगावे. लपवून ठेवू नये, कुजबुजून सांगू नये, मोठ्याने सांगावे, भजी तळताना सांगितले तरी चालेल. कोणी तिला “बिचारी” म्हटले तर त्याला खाणावळीत चहा देऊ नये. मी गेले त्या दिवशीही खाणावळ बंद ठेवू नये. घाटात जाणाऱ्याला भूक लागतेच.

कलम आठवे. साक्षीदारांविषयी. पहिली सही कमळची घ्यायची होती, परंतु वकीलसाहेब म्हणाले, जिच्यावर जबाबदारी टाकता तिची साक्ष नको. कमळ म्हणाली, “मग मला काय नको, सही करू द्या.” तिला समजावून चुलीकडे पाठवले आहे, तिथून आवाज येतो आहे. म्हणून पहिल्या साक्षीदार डॉ. बांगर आणि दुसरे समोरच्या ढाब्याचे मालक धाकलू घुडे. ते पंधरा वर्षे माझी गिऱ्हाइके पळवतात. त्यांना या मृत्युपत्राने काही म्हणजे काहीच मिळत नाही, त्यामुळे कायद्याने ते उत्तम साक्षीदार आहेत.

कलम नववे. वकीलसाहेबांनी मला दिलेल्या नमुन्यात वाक्य आहे, “हे माझे शेवटचे मृत्युपत्र होय.” ते मी लिहीत नाही. जया शाळेत जाऊ लागली की मी हे बदलणार आहे, कारण तेव्हा दप्तर असेल. ती दहावी झाली की बदलणार आहे. ती कोणाच्या तरी प्रेमात पडली की रागाने बदलणार आहे आणि आठवड्याने परत बदलणार आहे. तिला मुले झाली, न झाली, आणली, तरी बदलणार आहे. वकीलसाहेबांनी फी ठरवून ठेवावी. हे माझे पहिले मृत्युपत्र होय.

ठिकाण: टोकावडे, ता. मुरबाड, जि. ठाणे
दिनांक: १२ नोव्हेंबर २००३

सही: सौ. देवकी कमळाकर हरड, जयाची आई

साक्षीदार:
१. डॉ. प्रियांका बांगर, टोकावडे
२. धाकलू घुडे, टोकावडे. (वाचून सही केली. मुलगी गोड आहे. तिचा रोजचा पेढा माझ्या ढाब्यावरून, हे मी माझ्या मर्जीने लिहितो.)